खाडाखोड

नंदुरबारच्या मिरची यार्डात
पावणेबाराला लिलाव थांबतो.
पंधरा मिनिटं.
खोकला तेवढा थांबत नाही,
तो आमच्या हजेरीपटावरच आहे.

माझं काम सोपं, असं शेठ म्हणतात.
लॉटचा नंबर, काट्याचं वजन, बोलीचा भाव
एका श्वासात ऐकायचे,
पान उलटेपर्यंत डोक्यात धरायचे,
मधेच मूठभर मिरची दाबून ठरवायचं
ओल किती, कटती किती.
तीन आकडे आणि एक निवाडा.
ओंजळीत पाणी धरून
कुणाशी तरी बोलत चालावं, तसं.

मार्गशीर्षात एकदा ओंजळ सांडली.
लॉट एकशे बारा, जमनाबाई पाडवीचा.
मी लिहिला एकशे एकवीसवर,
आणि कटती धरली दुप्पट.
तिनं पावती उलटी धरली होती,
तरी तिला कळलं.
"मन्ही मिरची इतली वल्ली नही शे, ताई."
एवढंच. आवाज न चढवता.

त्या दिवशी सुट्टीत मी काय करत होते?
फोन बघत होते.
एक लग्न, एक अपघात, पाण्याच्या टाकीवर
चढून नाचणारा मुलगा,
पिवळ्या साडीवर तीस टक्के सूट,
परत लग्न.
अंगठा राबत होता. मी बसलेली होते,
म्हणून ती विश्रांती.

मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
नोंद ठेवू लागले,
सुट्टीत काय केलं, नंतर किती खोडलं.
फोन: सात.
शब्दकोडं: चार, कारण एक उभा शब्द
काट्यापर्यंत सोबत आला.
टपरीवर दोन हमालांच्या भांडणात पंच झाले: पाच,
शिवाय एक निवाडा किंचित कललेला,
ज्याची बाजू घेतली होती त्याच्या मामाकडे.
तो खोडला नाही. कुणाला सांगितलाही नाही.
डबा खाऊन डोळे मिटले: उठल्याउठल्या तीन,
मग संध्याकाळपर्यंत एकही नाही.
पथारीच्या कडेनं नुसती चालले: एक.
कधी तीही नाही.

चालणं म्हणजे
मिरची वाळत घातलेल्या मैदानाला फेरी.
सुपडू दाताळ्यानं लाल ओळी ओढत असतो,
ओली बाजू उन्हाला दाखवत.
मला खाली बघत चालताना पाहून विचारतो,
"काही हारपनं का, ताई?"
मी म्हणते, नाही रे.

काट्यावरचे रायसिंगदादा म्हणाले,
एवढं कळलं तर रोज चाल की.
त्यांना कसं सांगू,
डोकं रिकामं केलं की ते रिकामं राहत नाही.

तिसऱ्या दिवशी, कुंपणाजवळच्या बोरीपाशी,
दहा आकडे चालून आले.
ओळीनं, एकही न चुकता.
भावाचा नंबर.
प्लॉटच्या वाटणीपासून, सहा वर्षं,
लावलेला नाही. फोनमधून तर
त्याच रात्री पुसला होता.
मला कालचा भाव आठवत नाही,
सकाळी गॅस बंद केला का, आठवत नाही.
हा मात्र तिथेच होता, तळाशी,
आणि दर सुट्टीत मी
त्याच्यावर थोडं थोडं लोटत होते,
लग्न, अपघात, पिवळी साडी.

दोन दिवस पुन्हा फोन बघितला.
सहा. आठ.

आज परत चालले.
घंटा झाली. मिरची दाबली, बी खुळखुळलं,
कोरडी. कटती नाही.
नंबर, वजन, भाव
जागच्या जागी उतरले,
अक्षरसुद्धा बरं आलं.
त्याखाली, कुठल्याच रकान्यात न बसणारे
दहा आकडे.

शेठनी चष्मा वर केला. हा कुठला लॉट?
चुकून, म्हटलं. खोडते.

चार वाजलेत.
अजून खोडलेलं नाही.